दारावरचं जुनं झाकण

मोहाडीतल्या त्या घराला दारं दोन आणि पत्ता एक. पुढच्या भागात सुलोचनाबाई राहतात, मागच्या भागात त्यांचा धाकटा दीर कैलाश. चार वर्षांपूर्वी सुलोचनाबाईंचे यजमान टेकचंद गेले. तेरवीची पंगत उठायच्या आत कैलाशने विचारलं होतं, "वहिनी, एवढ्या घरात एकट्या काय करान?" तेव्हापासून दोघांत सरळ बोलणं नाही.

सासरे फकिराजींनी १९९४ साली दोघा मुलांना वेगळं काढलं, ते तोंडी. कैलाश आता म्हणतो, वाटणी झालीच नाही. घराच्या नोंदीवर वहिनीचं नाव चढू नये म्हणून त्याने हरकत घेतली. सुनावणीत साहेबांनी विचारलं, "वाटणीचा काही लेखी पुरावा?" अंगणवाडीत सव्वीस वर्षं मदतनीस असलेल्या सुलोचनाबाईंच्या पिशवीत रेशन कार्ड होतं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. वाटणीचा कागद नव्हता. पुढची तारीख टपालाने कळणार होती.

पण टपाल हाती पडेल तर ना. दारातल्या टपालाच्या फटीवरचं पितळी झाकण एका बाजूने निखळून लोंबत होतं. पत्र आतल्या जाळीत अडके, आणि कैलाश बाहेरून हात घालून काढून नेई. एकदा त्यांनी त्याला पकडलंच.

"माह्यं टपाल पाहून राहिलो," तो म्हणाला. "पत्ता एकच आहे ना."

"मंग दोन महिन्यांत माह्यं एकही पत्र काहून नाही आलं, भाऊजी?"

"तुमाले लिहिते कोण?"

दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाईंनी झाकणाचे उरलेले स्क्रू काढले, दोऱ्याला गाठी मारून फटीचं माप घेतलं आणि बसने भंडारा गाठलं. पितळेचं काम करणाऱ्या तुलारामने कडक स्प्रिंगचं, जाड पत्र्याचं झाकण करून दिलं. पाण्याचा फुटका गुंड असो की वाकडी परात, जुनं पितळ मोडीत द्यायचं आणि नवं घ्यायचं, ही इकडची रीत. सुलोचनाबाईंनीही हिरव्या ऑइलपेंटचे थर चढलेलं जुनं झाकण देऊन टाकलं. तुलारामने ते पोत्यात फेकलं.

"नाव टाकून देऊ का, बाई?"

"टाका. सुलोचना टेकचंद."

घरी येऊन त्यांनी स्क्रूच्या सैल झालेल्या भोकांत आगकाड्या ठोकल्या आणि झाकण स्वतःच बसवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दाराशी खटकन आवाज झाला आणि पाठोपाठ बोंब.

"बोटं तुटली असती माही!" कैलाश हात झटकत होता.

"आपल्या दारात घालत जा हात."

कैलाशची नजर नव्या झाकणावरच्या नावावर गेली. "जुनं कुठं आहे?"

"मोडीत दिलं."

तो खदखदून हसला. "मोडीत! अवो वहिनी, बाबानं नाव टाकून घेतलं होतं त्याच्यावर, भांड्यावर टाकते तसं. 'पुढचं घर टेकचंदले. फकिरा.' बाहेरच्याले कायले दाखवायचं म्हणून आतल्या बाजूनं. मी सोबत होतो. मंग रंगवणाऱ्यानं दारासंगं तेही रंगवून टाकलं. तुम्ही कागद शोधून राहिल्या, अन् पुरावा सोताच्या हातानं भट्टीत घातला!"

"तुमाले ठाऊक होतं?"

"तीस वर्षांपासून. सांगा आता साहेबाले."

सुलोचनाबाई कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसल्या. "वितळलं असंल आतापर्यंत," त्या म्हणाल्या. कैलाश शीळ घालत मागच्या दाराकडे गेला.

त्याचं दार लागल्याचा आवाज आला तशा त्या उठल्या, कुलूप घातलं आणि दोनची बस धरली.

तुलारामची भट्टी पोतं भरल्याशिवाय पेटत नाही. पोतं अजून अर्धंच होतं. सुलोचनाबाईंनी ते फरशीवर उपडं केलं. गडव्यांचे काठ, समईची मोडकी बैठक, आणि त्यांत हिरवं झाकण. तुलारामने आतल्या बाजूचा एक कोपरा पत्र्याने खरवडला. रंगाखालून ठोक्याठोक्याने कोरलेली अक्षरं वर आली: 'पुढचं घ'. त्याने हात पुढे सरकवला.

"थांबा," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं. "बाकीचं मी साहेबापुढं खरडीन. भाऊजी समोर बसले पाहिजे."