घशात काहीच नव्हतं

मी पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे डॉक्टर नाही, पण गावात डॉक्टरीणबाईच म्हणतात, आणि गाय बरी झाली नाही की म्हणतात, "ती कुठं खरी डॉक्टरीण!" शिंदखेड्याकडचा माझा भाग. गुरांच्या तोंडात हात घालून अडकलेलं काढावं तर मीच, असा माझा तोरा होता. त्या तोऱ्यानंच घात केला.

एका शुक्रवारी भर दुपारी एका अक्कांचा फोन आला. एकट्याच राहतात, एक गाय आणि तिचं वासरू. "माय, गाय पाणी पेत नही. घसामा काहीतरी आडकेल शे."

गेले. गाय हौदापाशी उभी होती. पाण्यात तोंड बुडवायची, पण घोट उतरायचा नाही. लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. हे आम्हाला रोजचंच, आंब्याची कोय नाहीतर सरकीच्या ढेपेचा गोळा. पण वासरू दावं ताणून भिंतीला चिकटलेलं, आईकडे बघायलाही तयार नाही. आणि मग गाय ओरडली. हंबरली नाही, ओरडली. फाटक्या, बसलेल्या आवाजात, थांबून थांबून, समोर कुणीच नसताना. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. भित्री कुठली, म्हणत मी स्वतःलाच झापलं आणि बाही वर केली.

हातमोजा घातला नाही. मोज्यातून बोटांना काही कळत नाही, असं आम्ही सगळेच मोठ्या ऐटीत सांगतो. कोपरापर्यंत हात घालून सगळं चाचपलं. घशात काहीच नव्हतं. हात काढताना दाढ लागून मनगटावर खरचटलं, तेवढंच. तरी वहीत "घशात अडकलं" असंच लिहिलं, थोडं थोडं गोडं तेल पाजा म्हणून अक्कांना सांगितलं, चहा घेतला आणि निघाले.

रविवारी धुळ्यात आमच्या संघटनेची बैठक होती. मागण्यांचं निवेदन टाइप करायचं काम माझ्याकडे. पदनाम, भत्ता, पदोन्नती, सगळं एका पानात बसवायचं म्हणून मी शेवटची मागणी उडवली होती: कर्मचाऱ्यांना रेबीजची लस आधीच द्यावी. दरवर्षी असायची आणि दरवर्षी कुणी वाचायचंही नाही. निवृत्त झालेले एक नाना तेवढे तिच्यासाठी अडून बसायचे. त्यांनी पान उलटून पाहिलं. "लशीची मागणी कुठंय?"

"जागाच उरली नाही हो, नाना," मी हसत म्हटलं.

मग वरण-बट्टी खाता खाता मी सगळ्यांना त्या गाईची गंमत सांगितली. "आवाज तर असा!" म्हणत तो काढूनही दाखवला.

हुबेहूब निघाला. इतका, की तो माझ्याच घशातून आला हे मला पटेना. बट्टी चुरणारे हात जागच्या जागी थांबले. नानांनी ताट बाजूला सारलं.

"घसा रिकामा होता ना?"

"हो."

"हात दाखव, पोरी."

खरचटलेलं पाहून ते हळूच म्हणाले, "आमच्यातल्या एकानं असाच रिकामा घसा तपासला होता. शेवटी शेवटी पाण्याचा पेला दिसला तरी ओरडायचा. ह्याच आवाजात." ती मागणी त्याच्यासाठी होती.

पिसाळलेल्या गाईला गिळता येत नाही. हे मी शिकलेय, परीक्षेत लिहिलंय, आणि तरी बाही वर करून गेले, शहाणी! सरकारी दवाखान्याच्या वाटेवर अक्कांना फोन लावला. गाय सकाळीच मेली होती.

"अक्का, तेल पाजलं होतं?"

"मंग! तू सांगं तसंच. तोंडमा हात घालीसन पाजं." जरा थांबून म्हणाल्या, "बोटले दात लागना जरासा."

मी गाडी अक्कांच्या गावाकडे वळवली. अक्कांचा हात त्या तोंडात मीच घालायला लावला होता.

त्यांना गाडीवर घालून आणलं. "सुया ढोरेसले देतंस, मले नही!" म्हणून त्या भांडल्या, मीही भांडले. शेवटी दोघींनी सगळ्या सुया वेळेवर घेतल्या. निवेदन मी पुन्हा टाइप केलं, ती मागणी पहिली. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, आता काळजी नको. असं म्हटल्यानं काळजी जाते होय? तेव्हापासून रोज सकाळी अक्कांचा फोन येतो. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. त्या पाणी पितात, मी ऐकते. मग मी पिते, त्या ऐकतात.

परवा त्यांचा आवाज बसलेला होता. फाटका, थांबून थांबून.

"अक्का, आधी पाणी प्या. मला ऐकू द्या."

पलीकडे तांब्या वाजला. मग बराच वेळ काहीच नाही. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले. मग घोट उतरला. एक, आणि लगेच दुसरा.

"सर्दी शे, माय," अक्का म्हणाल्या. "आते तू पे."

मी पेला उचलला. फोन गळ्याशी धरला. घोट उतरला, अक्कांना ऐकू जाईल असा.