म्हसू मिस्त्रींचा माग

म्हसू मिस्त्रींच्या अंगाला तेलाचा वास यायचा नाही, पावडरीचा यायचा. मिटमिट्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गॅरेजात पान्यांच्या शेजारी तोंडाला लावायच्या पावडरीचे डबे ओळीने उभे असत. मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी हा साठी उलटलेला, झुपकेदार मिशांचा माणूस एका गाडीच्या इंजिनावर मान तिरकी करून पावडर शिंपडत होता. तान्ह्या बाळाची अंघोळ उरकल्यावर आई लावते, तेवढ्या मायेने. मी मनात म्हटलं, झालं. इतके दिवस आपली गाडी निदान मेकॅनिकच्या हातात होती, आता न्हाव्याच्या हातात जाणार.

गाडी बाबांची. दोनच माणसं बसतील अशी लाल, बुटकी, माझ्याहून थोडीच लहान असलेली स्पोर्ट्स कार. बाबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर होते आणि आयुष्यात त्यांनी चैन केली ती एवढीच. ते गेल्यावर गाडी आईकडे आली. आई सत्तरीची. दर रविवारी सकाळी पदर खोचून ती स्वतः गाडी चालवत दौलताबादपर्यंत जाऊन येते. शेजारच्या सीटवर कुणाला बसवत नाही, मलाही नाही. पुढे गाडीतून तेल गळायला लागलं. फार नाही, दिवसाला तीन-चार थेंब. पण सोसायटीतले एक आजोबा त्यावरून घसरता घसरता वाचले आणि कमिटीने आमच्या हातात कागद ठेवला. दिवाळीपर्यंत गळती थांबवा, नाहीतर गाडी हलवा. आमच्याकडे दुसरी जागा नव्हती, त्यामुळे हलवा म्हणजे विका.

तोवर दोन मेकॅनिक झाले होते. एकाने खालच्या चेंबरचं पॅकिंग बदललं, दुसऱ्याने सगळं इंजिन उतरवून सील बदलली. थेंब जिथल्या तिथे. हे मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते हसले.

"थेंब पडला तिथंच हात घातला म्हना की. सर, गळती दिसती खाली आन् असती वर. तेल खाली उतरतं, वारा त्याला मागं नेतो. थेंब म्हंजी तेलाचा मुक्काम. आपल्याला त्याचं गाव हुडकायचंय."

गाव हुडकायची त्यांची रीत ठरलेली. आधी डिझेलने सगळं इंजिन धुवायचं, कोरडं पुसायचं, मग पावडर. गाडी दौलताबादच्या घाटापर्यंत फिरवून आणायची, झाकण उघडायचं आणि उकिडवं बसून बॅटरीच्या उजेडात बघत राहायचं. पांढऱ्यावर कुठेतरी एक ओली रेघ उमटलेली असते. त्या रेघेच्या वरच्या टोकापर्यंत बोट न लावता नजर न्यायची. तोवर पान्याला हात लावायचा नाही. या बघण्याला ते 'माग काढणं' म्हणत.

हा शब्द त्यांच्या घरचा होता. धनगराचं घर, दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याला. वडील मेंढरं राखायचे. एकदा एक गाभण मेंढी चुकली, तर वडील तीन दिवस तिच्या खुरांच्या खुणांवर चालत गेले आणि लासूर स्टेशनच्या अलीकडे एका ओढ्यात ती सापडली, कोकरासकट. "आमच्यात रिवाजच हाय," मिस्त्री सांगायचे, "माग काढल्याबिगर मेंढरू मेलं म्हनायचं नाय. लोक म्हनतात, लांडग्यानं नेलं आसंल. आसंल काय? जाऊन बघ की."

पहिला माग लवकर लागला. इंजिनाच्या अगदी वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. ते बदललं, तेलही नवं भरलं, मापात. गळती निम्म्याने कमी झाली, थांबली मात्र नाही. पुन्हा पावडर, पुन्हा घाट, पुन्हा उकिडवं बसणं. माझ्या चार रजा त्यात गेल्या. मी मुळात उतावळा, त्यात दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली. खरं सांगायचं तर मला ती गाडी नकोच होती. सत्तरीच्या बाईने घाटात एकटीने ती चालवावी, याची मला भीती वाटे. पण आईला तसं सांगायची छाती नव्हती. म्हणून एका दुपारी मी मिस्त्रींना बाजूला घेतलं.

"मिस्त्री, तुम्हीच आईला सांगा ना, आता ही दुरुस्त होत नाही म्हणून. तुमचं ऐकेल ती."

ते रागावले नाहीत. हात पुसले. "सांगू की. पर एकदा माग लागू द्या," म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले. मला आजही त्या दुपारची लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, बाहेर काढली, पुसली, परत घातली, परत काढली आणि माझ्यापुढे धरली. तेल वरच्या रेघेच्याही बोटभर वर होतं. "सर, मी भरलं तवा मापात व्हतं. गाडी गळतीय बी आन् तेल वाढतंय बी. हे कुठलं नवल?" मला काहीच कळेना. त्यांना कळलं होतं. फक्त म्हणाले, "तुमच्याकडं चहाला येतो."

आले ते हातपाय स्वच्छ धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून. आईने चहा दिला. निम्मा कप संपल्यावर त्यांनी अगदी सहज विचारलं, "माई, गाडीत तेल कोन घालतं?"

आईचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. मग तिने सांगितलं. बाबांनी दवाखान्यात शेवटी शेवटी तिला एकच काम सांगितलं होतं, गाडीचं तेल बघत जा. तिला ती पट्टी नीट वाचता येत नव्हती. मला विचारलं असतं तर मी गाडीच विकायला काढीन, अशी तिला भीती. फरशीवर थेंब तर रोज दिसत. म्हणून ती दर रविवारी निघण्यापूर्वी एक जुनी पळी भरून तेल घालत होती. गळेल तेवढं भरून निघावं म्हणून. कधी थोडं जास्तच. "उपाशी राहायला नको ना," ती म्हणाली.

मी तोंड उघडणार होतो. मिस्त्रींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माई," ते म्हणाले, "मोठे साहेब बघत जा म्हनले. घालत जा नाय म्हनले."

आई हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. बाबा गेल्यापासून तिला असं दोन्ही एकदम करताना मी पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी तिला खाली पार्किंगमध्ये नेलं आणि पट्टी वाचायला शिकवलं. गाडी सपाट जागी, इंजिन गार, पट्टी एकदा पुसायची, मग बघायचं. "दोन रेघांच्या मधी आसंल तर गप बसायचं, माई. जास्तीचं तेल आत मावत नाय, मग ते फट हुडकतं. लई माया झाली की आसंच व्हतं."

जास्तीचं तेल काढून टाकलं आणि आठ दिवस गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा राहिला. कमिटीचे सेक्रेटरी स्वतः वाकून बघून गेले. गाडी राहिली. आईने त्या रविवारी मला शेजारी बसवलं, आणि ती किती नीट चालवते ते मला तेव्हा कळलं. माझी भीतीही मी न बघताच धरून बसलो होतो.

गेल्या उन्हाळ्यात म्हसू मिस्त्रींना दवाखान्यात ठेवलं. पोटातलं दुखणं, आणि फार पुढे गेलेलं. भेटायला गेलो तर त्यांच्या मुलाने, भिवाने, मला दारातच थांबवलं. "सर, तुम्ही शिकलेले, तुमचं ऐकतील. रिपोर्ट चांगले हायत म्हना. म्हैनाभरात गॅरेज उघडाल म्हना. आमी सगळे तेच सांगतोय." तीन आठवडे तो बापाच्या उशाशी होता. मी बरं म्हणून आत गेलो.

मिस्त्री उशीला टेकून बसले होते, अंगाने निम्मे झालेले. आईची चौकशी केली, गाडीची केली. माझं वाक्य तयार होतं. ते माझा चेहरा बघत होते.

"भिवानं काय सांगाया धाडलं?"

मी सांगितलं.

"आन् खरं काय हाय?"

तेही सांगितलं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर कडक ऊन होतं. मग त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"बरं केलंत सर. पोरगं रोज खोटं बोलून बेजार झालतं. त्याला म्हनावं, आता बास. मला घरी न्या."

मी भिवाला आत पाठवलं. तो वडिलांच्या पायाशी बसला आणि मोठ्याने रडला. त्यांनी त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना गावी नेलं. पायथ्याच्या त्या घरी ते अकरा दिवस होते. अकरा दिवस बापलेक बोलतच होते, असं भिवा नंतर म्हणाला. लग्नाचं, गॅरेजचं, कधीकाळी झालेल्या भांडणांचंही. काय काय बोलले ते मी विचारलं नाही. ऐकताना मला माझेच बाबा दिसत होते. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज त्यांना सांगायचो, बाबा, रविवारी घरी जाऊ. आणि माझ्यासाठी ते रोज मान डोलवायचे.