वाळूवरचे पेंग्विन

कालपर्यंत माझ्या बायकोचा समज होता की आमचा केपटाऊनचा प्रवास पोलिसांमुळे राहिला. नऊ वर्षं झाली, कुरखेड्याच्या बाजारात पोलीस दिसला की ती पुटपुटत त्याला शिव्या द्यायची. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या शिपायाचा काही दोष नव्हता. दोष माझा होता.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. समुद्र मात्र पाहिला नव्हता. निवृत्त झालो त्याच सुमारास मुलाला केपटाऊनला नोकरी लागली आणि त्याने आम्हा दोघांना बोलावलं. नागपूरला जाऊन पासपोर्टचे अर्ज दिले. घरी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि संध्याकाळी बायकोला शिकवू लागलो.

ती मासेमारांच्या घरची लेक. शाळेत गेलेली नाही. पण माझ्या वर्गात कुणी विचारले नाहीत असे प्रश्न तिच्याकडे होते.

"मास्तर, तिथी एका बाजूचा समुद्र थंडा, दुसऱ्या बाजूचा कोमट म्हंता. मंग मासे कोन्या बाजूले राह्यतात?"

"दोन्हीकडे."

"आमच्या तलावात त तसं नाई. पानी तापलं का मासा खाली जाते."

मी विषय बदलला.

मग मुलाने टपालाने एक फोटो पाठवला. वाळूचा किनारा, पोहायच्या कपड्यांतली माणसं आणि त्यांच्या पायांशी पेंग्विन. पेंग्विन फक्त बर्फात राहतात, असं मी इतकी वर्षं मुलांना सांगत आलो होतो.

"हे पाखरू बर्फातलं म्हनलं होतं ना तुमी?"

"ते प्राणिसंग्रहालय आहे," मी ठोकून दिलं.

तिने फोटो उजेडात धरला. "मंग कुंपन कुठी हाय?"

तेव्हापासून मला तिच्या प्रश्नांची धास्ती बसली. तिथे गेल्यावर मुलासमोर, सुनेसमोर ती एकेक विचारणार आणि मास्तरला काही येत नाही हे उघडं पडणार. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस शिपाई घरी आला त्या दिवशी ती धानाच्या रोवणीला गेली होती. "आमचं जाणं रद्द झालं," मी त्याला सांगितलं आणि तसं लिहून सही केली. तिला म्हटलं, पोलिसांनी कागद अडवले. मुलासाठी वाळवून ठेवलेले झिंगे त्या पावसाळ्यात आम्हीच खाल्ले.

मुलाची तिथली नोकरी पुढच्या वर्षी संपते. जायचं तर आताच, म्हणून काल तिला सगळं सांगितलं.

ती सुपात तांदूळ निवडत होती.

"काऊन सांगतलं नाई तवाच?"

"लाज वाटली."

"त्या पोलिसाले फुकट शिव्या देल्या मी. आता तुमाले देऊ का?"

"दे."

तिने दिली. एकच, पण चांगली जाड. मग सूप बाजूला ठेवून पेटीतून तो जुना फोटो काढून आणला.

"अर्ज भराले कधी चाल्ले?"

"सोमवारी."

"आन कुंपन नाई, मंग ह्या पाखरायचे अंडे कुत्रे नाई खात?"

'नाही खात' असं मी ठोकून देणार होतो.

"मले माहीत नाई," मी म्हणालो. "पाहून येऊ."