लागलं का त्याला?

नगरहून पारनेरला जाणाऱ्या एसटीत मी मोबाईलवर एक जुना विनोदी मूकपट बघत होते. शेजारच्या मावशी मांडीवर दुधाची रिकामी किटली धरून खुशाल माझ्या मोबाईलमध्ये डोकावत होत्या.

नायक शिडीवरून पडला. मी हसले.

"लागलं का त्याला?" मावशींनी विचारलं.

"नाही हो, गंमत आहे ती."

तो उठून पुन्हा चढला. शिडी कलंडू लागली तशा मावशी "आरं, आरं" करत पुढे झाल्या. त्यांचं बोट पडद्याला लागलं आणि सिनेमाच थांबला. नायक हवेत तसाच लटकलेला. हा सिनेमा मी कितीदा पाहिलाय, पण त्याला कुणी धरलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"तुम्हाला हसू येत नाही?" मला खरंच कुतूहल वाटलं.

"येतं की, लई येतं. पन आमी आदी इचारतो, लागलं का. मंग हसतो."

त्यांचा फाटा आला. उतरताना शेवटच्या पायरीवर पाय घसरला आणि मावशी किटलीसकट मातीत बसल्या. मी खिडकीतून ओरडले, "मावशी, लागलं का?"

त्यांनी लुगडं झटकलं, किटली उचलली आणि वर बघितलं.

"न्हाई लागलं. हसा आता!"