खट्ट न वाजणारा कॅमेरा

माझ्या मैत्रिणीनं, माधवीनं, आत आरसा नसलेला नवा मिररलेस कॅमेरा घेतला. सकाळी तळ्यावर आम्ही पक्षी टिपायला गेलो, तेव्हा पूजेचं हळदीकुंकू त्याच्यावर तसंच होतं. "धरून तर बघ," ती म्हणाली. मी डोळा लावला. पंगाऱ्यावर इवलासा शिंजीर पक्षी होता. त्याच्या डोळ्यावर एक हिरवा चौकोन आपोआप जाऊन बसला, आणि पाखरू हललं तरी सुटेना. मला हे साधायला दहा वर्षं लागली होती! बटण दाबलं, तर आवाजच नाही. फोटो निघाला की नाही कळेना, म्हणून दाबतच राहिले.

"अगं बाई, पुरे! दोनशे झाले," ती हसली.

"हलका आहे," एवढंच मी म्हणाले. शेजारणीच्या भारी साडीला आपण "रंग बरा आहे" म्हणतो, तसं.

माझा जुना कॅमेरा खट्ट वाजतो. पाखरं उडतात, पण माणसं सावध होऊन चेहरा नीट करतात. या मुक्या कॅमेऱ्यापुढे माणसानं सावरायचं कधी?

दुपारी तिनं माझा एक फोटो पाठवला. तो कधी काढला, मला पत्ताच नव्हता. फोटोत मी मांडीवरच्या माझ्या कॅमेऱ्यावर ओढणी ओढते आहे. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून झाकावं, तशी नव्हे; पाहुणे आल्यावर फाटकी गादी झाकावी, तशी.