कुंभारणीचं घर

रानमाश्या आणि किड्यांची पाहणी करत फिरणारी ती बाई दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी एकदाच आली. भिंतीतल्या प्रत्येक भोकाला कान लावत होती, हलकेच फुंकर घालत होती. देव्हाऱ्यामागे कुंभारीण माशीनं बांधलेलं मातीचं घर दिसताच तिनं चाकू उघडला.

“हात नको लावू, बाई! कुंभारीण घर करते तिथं पाळणा हलते म्हणतात. सुनेचं दोनदा पोट पडलं, या खेपेला सातवा लागला.”

मला वाटलं, शिकलेली आहे, हसेल. पण तिनं चाकू मिटून ठेवला.

“राहू द्या, काकू. माझ्या घरचं मीच काढून नेलं होतं. पाळणा काही हलला नाही.”

तोवर पाळण्याचं हे मी नुसतं म्हणत आले होते, खरं वाटलं ते आता.

“काय म्हणून राहिली होती ती?” ती गेल्यावर सुनेनं आतून विचारलं.

“काही नाही,” म्हणत मी भरदुपारी दाराला कडी घातली.