नाव घातलेला डबा

माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या आळीत सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण दुर्गाबाईबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. पोटच्या पोराला पोलिसांच्या हवाली केलं म्हणे हिनं. मी शालन, तिच्याकडं रोज चपात्या लाटायला जाते. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालंय, म्हणून सांगते.

दुर्गाबाई मूळची कळंबकडची. नवरा भोसरीला फाउंड्रीत होता, छातीच्या दुखण्यानं गेला. पोरगा समाधान तेव्हा शाळेत. दुसरी बाई असती तर गाशा गुंडाळून गावी गेली असती. हिनं कासारवाडी स्टेशनजवळच्या खोलीतच पोळीभाजीचं दुकान काढलं. हात सारखा चालायचा, तोंड मात्र बंद. बोलायचं काम माझ्याकडं.

समाधानला चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर काम लागलं, त्या दिवशी ती भांड्यांच्या दुकानात गेली आणि तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा घेऊन आली. त्यावर नाव घालून आणलं, "चि. समाधान, आईकडून". मी म्हटलं, "अगं, लग्नात देतात अशी नावं घालून." ती म्हणाली, "नोकरी लागली, ह्ये काय लग्नापरीस कमी हाय व्हय?" रोज सकाळी तो डबा भरून ती पोराला बसच्या थांब्यापर्यंत पोचवायची. पोरगं लाजायचं, पण डबा कधी विसरायचं नाही.

आमच्या पोलीस चौकीचं जेवणही तिच्याकडूनच जायचं. आत कुणी धरून ठेवलेलं असलं की त्याचंसुद्धा. किसन हवालदार फोन करायचा, "मावशी, आज आत दोघं आहेत," की ही दोन पार्सलं जास्त बांधायची. चौकीत गेलेलं भांडं परत येत नाही, म्हणून आतल्या माणसाचं जेवण कायम कागदात. किसन माणूस वाईट नव्हता. भाजी तिखट झाली तरी निमूट खायचा.

कंपनीत ओव्हरटाइम सुरू झाला आणि समाधान एकीला लागून दुसरी शिफ्ट करायला लागला. उभ्या उभ्या झोप यायची. लाइनवरच्या कुणीतरी सांगितलं, चिमूटभर ओढ, डोळा लागायचा नाही. एमडी म्हणतात त्याला. दिसायला मीठ. सुरुवातीला पोरगं मशीनपुढं ताठ उभं राहायचं, सुपरवायझर खूश. मग दात खायला लागलं, अंग वाळलं, नाकातून रक्त यायला लागलं. डबा भरलेला परत यायचा. एक दिवस घरातला गॅसचा जादा सिलिंडर गायब झाला. दुर्गाबाईनं मला विचारलं, "शालन, चोर शिरला असंल का गं?" तिलाही माहीत होतं, मलाही.

व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन झालं. तो फाटकातूनच पळाला. देवाला साकडं घालून झालं, शपथा झाल्या, पाया पडणं झालं. मग तिच्या डोक्यात तिचा बाप आला. तो गावचा पोलीस पाटील होता. गावात पोरगं बिघडलं की आईबाप त्याला पाटलाकडं आणायचे. पाटील त्याला दिवसभर चावडीवर बसवायचा, सगळ्यांदेखत दोन थोबाडीत द्यायचा आणि दिवेलागणीला घरी पाठवायचा. बहुतेक पोरं सुधारायची. दुर्गाबाईला वाटलं, किसन हवालदार म्हणजे इथला पोलीस पाटीलच.

माझ्यादेखत ती त्याला म्हणाली, "दादा, रविवारी त्याच्या खिशात असतंय. धरा, दोन ठिवून द्या, समज द्या आन् सोडा. माझं नाव तेवढं घिऊ नका."

किसन म्हणाला, "मावशी, काही काळजी करू नका. पोरगं दुपारपर्यंत घरी."

त्यानं तसं ठरवलंही असेल. पण नेमकी त्याच आठवड्यात वरून मोहीम निघाली. नशेच्या केसेस पाहिजेत, प्रत्येक चौकीतून पाहिजेत. साहेबानं विचारलं, कुणाकडं खबर आहे? किसननं तोंड उघडलं. रविवारी किसनच्या जागी पथकाची गाडी आली.

आणि त्या दिवशी समाधानच्या खिशात एकट्याची पुडी नव्हती. लाइनवरच्या पोरांनी पैसे जमवून काँट्री काढली होती, आणायची पाळी ह्याची. सगळ्यांच्या पुड्या ह्याच्याजवळ. कागदावर चढलं, विक्रीसाठी बाळगल्या. माल विकणारा मोठा मासा कुठं गेला, ते विचारू नका. तो आजही बुलेटवरून फिरतो.

ह्यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. दुपारी फोन आला, "मावशी, आज आत एकच आहे." किसननं एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. दुर्गाबाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ठरल्याप्रमाणं झालं, असं वाटलं तिला. वांग्याची भाजी केली, पोराच्या आवडीची. मी कागद पुढं केला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लेकरू कागदात कशाला खाईल? संध्याकाळी येतंयच की घरी." आणि फळीवरचा नावाचा डबा काढून त्यात भरला.

डबा घेऊन चौकीत मी गेले. दारातल्या शिपायानं तो आत नेला. थोड्या वेळानं तसाच बाहेर आणून दिला. झाकण उघडलंसुद्धा नव्हतं. तो म्हणाला, "पोरगं विचारत होतं, घरी अजून कुणी कळवलंच नाही, मग हा डबा कसा आला? मी म्हटलं, अरे, तुझ्या आईनंच तर खबर दिली."

मी घरी येऊन भरलेला डबा ओट्यावर ठेवला आणि शिपाई म्हणाला ते सांगितलं. दुर्गाबाईनं त्यावरच्या नावावरून बोट फिरवलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. टेबलावर पुड्या, मागं ऐटीत साहेब लोक, पुढं तोंडाला काळं फडकं बांधलेलं आमचं पोरगं. तिथून येरवडा. दुर्गाबाई वकिलाच्या दारात बसायची, भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या रांगेत उभी राहायची. तो भेटायला बाहेर यायचा नाही. किसन एकदा दुकानात आला, खाली मान घालून म्हणाला, "मावशी, माझ्या हातात राहिलं नाही." ती म्हणाली, "जेवून जा." मी तिच्या जागी असते तर लाटणं घातलं असतं त्याच्या डोक्यात.

कितीतरी महिन्यांनी जामीन झाला. एक मात्र खरं, नशा आतच सुटली. अंग भरलं होतं, डोळे साफ झाले होते. पण कंपनीच्या गेटवर पोलिसांचा दाखला मागतात, तो ह्याला कुठून मिळणार? गॅरेजवर गाड्या धुवायला लागला. आईशी एक शब्द नाही. तिच्या हातचं पाणीसुद्धा नाही. बाहेर वडापाव खाऊन यायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा. ती रोज ताट वाढून झाकून ठेवायची आणि सकाळी ते स्वतः खायची. मला राग यायचा, दोघांचाही.

मग एक दिवस समोरच्या खोलीतली कौशल्याबाई आली. तिचा ओंकार समाधानच्याच लाइनवर होता. काँट्रीतला एक तोही, पण समाधाननं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. कौशल्याबाई रडतच म्हणाली, "दुर्गाबाई, हवालदार तुमच्या ओळखीचा. माझ्या ओंकारला समज द्यायला सांगा हो. तुमचा कसा सुधारला बघा."

तव्यावरची चपाती करपायला लागली. दारात बसलेला समाधान तिथूनच म्हणाला, "काकू, चौकीत जाऊ नका. मेला तर मेला घरात. पण आईनं धरून दिलं, असं नको व्हायला."

मी त्याच्यावर तोंड सोडलं. म्हटलं, "अरे, जिवंत आहेस तो कुणामुळं?" तो उठून निघून गेला. दुर्गाबाईनं करपलेली चपाती बाजूला काढली आणि दुसरी तव्यावर टाकली. कौशल्याबाई चौकीत गेली नाही.

पुढं दिवाळीच्या आधी ओंकार गेला. कंपनीच्या बसमध्ये बसल्या जागी. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आठवडाभरात आळीच्या तोंडाशी पोलिसांचा फलक लागला, शाळेच्या पोरांची फेरी निघाली, नशा न करण्याची शपथ झाली, फोटो झाले. कौशल्याबाईच्या दारावरूनच गेली ती फेरी. पण ते नंतरचं.

मयतीच्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नव्हती. दुर्गाबाईनं पिठलं-भाकरी केली. मी भाकऱ्या घेतल्या, पिठल्याचं पातेलं जड होतं. समाधान खांदा देऊन, आंघोळ करून आला होता. त्यानं पातेलं उचललं आणि आमच्या मागून आला.

कौशल्याबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं आधी दुर्गाबाईकडं पाहिलं, मग दारात पातेलं घेऊन उभ्या असलेल्या समाधानकडं.

म्हणाली, "तुमचं बरं झालं, दुर्गाबाई. तुमचा आत गेला."

समाधाननं पातेलं खाली ठेवलं आणि तसाच बाहेर पडला. मला वाटलं, गेला आता हा कुठंतरी.

आम्ही घरी आलो तर तो मोरीत बसून नावाचा डबा घासत होता. त्या रविवारनंतर दुर्गाबाईनं तो माळ्यावर टाकला होता, धूळ बसली होती त्याच्यावर. घासून, विसळून त्यानं तो आईच्या पुढ्यात ठेवला.

"आई, वाढ," म्हणाला.

टोपलीत एक भाकरी उरली होती, कढईत थोडं पिठलं. तिनं ते त्या डब्यात वाढलं. तो खाली मान घालून जेवला, आणि ती शेजारी बसून ओंकारचं नाव घेऊन रडायला लागली.